सणाची आरास, मांडलेलं टेबल आणि लहान घर : तुमचं सामान वर्षभर कुठे राहतं?

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी माळ्यावरचा डबा हवा होता, तर आधी गौरींचे लोखंडी स्टँड उतरवले, मग कंदिलाचं खोकं, मग दिवाळीच्या माळांची पिशवी, आणि एवढं करून डबा हातात आला तर मागच्या वर्षीच्या हलव्याच्या दागिन्यांना पाणी सुटून ते एकमेकांना चिकटलेले. लेकीच्या बोरन्हाणाचे होते ते, खूप वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की या विषयावर सगळ्यांचे अनुभव या धाग्यात एकत्र करूया.

आमचं कोथरूडला वन बीएचके, चार माणसं. पण सणाला टेबल मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासूबाई पाटाभोवती रांगोळीची महिरप काढायच्या, मग पान वाढायचं, वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. तेच मी आता चार खुर्च्यांच्या टेबलावर करते. टेबलावर रांगोळी टिकत नाही, फॅनने उडते आणि ताटात येते, म्हणून मण्यांची महिरप केली, प्रत्येक ताटाला अर्धगोल. चार महिरपी एकावर एक ठेवल्या की एका जुन्या ताटात मावतात आणि ते ताट साडीच्या बॉक्ससारखं कपाटात आडवं सरकतं. रनर एकच आहे पण दोन बाजूंचा, एकीकडे गुळेदगुड्डचा लाल खण, दुसरीकडे साधा ऑफव्हाइट कॉटन. चैत्र-वैशाखात पांढरी बाजू वर, त्यावर तांब्याच्या तांब्यात मोगरा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत खण वर.

लिहिताना कृपया एवढं सांगा की कुठल्या सणाला काय मांडता, ते मोडल्यावर कुठे जातं, आणि काय खराब झालं. खराब झालेलं तर नक्की लिहा, त्यातूनच बाकीच्यांचं वाचेल.

वरळीहून

माझं लहानपण बीडीडी चाळीतलं, 160 चौरस फुटांची खोली, आम्ही सात जण. टेबल वगैरे प्रश्नच नव्हता पण आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असायचा आणि त्या खोलीत तो असा बसायचा की अख्खा मजला बघायला यायचा. पलंग बाहेर पॅसेजमध्ये जायचा, पुरुष मंडळी पाचही रात्री तिकडेच झोपायची, शेजारचे कोणी एका शब्दाने बोलायचे नाहीत कारण त्यांचाही पलंग तिथेच असायचा. बाबा गिरणीत फिटर होते, त्यांनी सागाच्या चौदा पट्ट्यांचं मखर केलं होतं, नट-बोल्टवर जोडायचं, खिळा एकही नाही. विसर्जन झालं की पट्ट्या सुट्या करून सुतळीने बांधायच्या आणि पोटमाळ्याच्या शिडीमागे उभ्या. प्रत्येक पट्टीवर बाबांनी रंगाने आकडा टाकलेला, 1 ला 2 जोडायची, 2 ला 3, त्यामुळे मी नववीत असताना एकटीने मखर उभं केलं होतं.

मग थर्माकोलचं फॅड आलं. भावाला राजवाडा पाहिजे, दरवर्षी नवीन. ते ठेवणार कुठे, तर विसर्जनाबरोबर टाकूनच द्यायचं. बाबा काही बोलायचे नाहीत पण पट्ट्या त्यांनी कोणाला टाकू दिल्या नाहीत. 2018 ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली त्या वर्षी भावानेच सुतळी सोडली. बाबा तेव्हा नव्हते.

आता चाळीच्या जागी टॉवर झाला, 500 चौरस फूट घर मिळालं, सगळे म्हणतात केवढं मोठं, आणि आहेच मोठं. पण पोटमाळा नाही! चाळीत निम्मा संसार वर असायचा. पट्ट्या सध्या कपाटामागे उभ्या आहेत, भिंत आणि कपाट यांत चार इंच जागा मुद्दाम ठेवून घेतली. सुतार म्हणत होता चिकटवून घ्या, मी नाही ऐकलं.

अकोल्याहून

वरळीच्या ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या राहतात. कोठीत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटा, साडी नेसवायची. या कोठ्याच आमचं स्टोअरेज आहे. सण झाला की धान्य काढायचं, कोठी पुसून उन्हात ठेवायची, आणि मग त्यांचे हात, दागिने, बाळांचे कपडे, मागचा पडदा, लायटिंग सगळं दोन कोठ्यांत. मुखवटे तेवढे वेगळे, मऊ सुती कापडात, देवघराच्या वरच्या फळीवर. थोरलीचं सामान थोरलीच्या कोठीत आणि धाकटीचं धाकटीच्या, हे आजेसासूबाईंपासून चालत आलंय, त्यामुळे शोधाशोध नाहीच. दोन्ही कोठ्या बेडरूमच्या कोपऱ्यात असतात, वर गोल प्लाय टाकून कापड घातलंय, एकीवर लँप, दुसरीवर पुस्तकं. पाहुण्यांना वाटतं साइड टेबल आहे.

खराब काय झालं ते सांगते. एका वर्षी डांबराच्या गोळ्या थेट साडीवर टाकल्या, पदराची जर काळवंडली, ती साडी सासूबाईंच्या लग्नातली. आता गोळ्या सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात, साडीला लागणार नाही अशा. कडुनिंबाचा वाळवलेला पाला पण घालते.

ठाण्याहून

मी पुरुष माणूस, सजावट बायको करते, टेबल मी केलं ते लिहितो. जागाच नव्हती म्हणून हॉलच्या भिंतीला फोल्डिंग टेबल लावलं, 18 एमएम प्लाय, वर लॅमिनेट, खाली दोन लॉक होणारे फोल्डिंग ब्रॅकेट. उघडलं की चौघं जेवतात, बंद केलं की भिंतीपासून साधारण तीन इंच बाहेर. टेबल खाली दुमडल्यावर जी बाजू समोर दिसते तिथे बायकोने वारली काढली, म्हणजे जेवत नसतानाही भिंत रिकामी नाही. ब्रॅकेट घेताना वजन किती पेलतं ते विचारून घ्या, आणि फास्टनर विटांच्या भिंतीत नीट बसवा. आमचं पहिल्यांदा पोकळ ब्लॉकमध्ये बसवलं होतं, दिवाळीच्या फराळासकट खाली आलं.

फोंड्याहून, गोवा

आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगलेली असते, ती कायमचीच, वर्षभर तिथेच, आणि तिला बांधायचं ते सगळं रानातलं नाहीतर परसातलं, नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तोरिंग, चिबूड, कवंडळ, कांगलां, आंब्याचे टाळे. चवथीच्या आदल्या दिवसांत बाजारात माटोळीचं सामान घेऊन बायका बसतात, पण माझे काका अजून पहाटे स्वतः रानात जातात, त्यांना कुठली वेल कुठे आहे ते पाठ आहे. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हे कुठे ठेवतो? कुठेच नाही. फळं वाटतो, नारळ स्वयंपाकात, उरलेलं झाडाच्या मुळाशी. त्या चौकटीखाली दहा महिने आमचं जेवणाचं टेबल असतं. मे महिन्यात मी त्याच चौकटीला घोसाळ्याच्या आकाराचे कागदी दिवे टांगले होते, आईला अजिबात आवडलं नाही, काढून टाकले. तिचं बरोबर होतं, ती चौकट देवाची.

स्टुटगार्टहून, जर्मनी

फोंड्याची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले. मुलगा इथल्या वाल्डोर्फ किंडरगार्टनमध्ये जातो, ही शाळांची पद्धत याच शहरात 1919 साली सुरू झाली, आणि त्यांच्याकडे प्रत्येक वर्गात एक ऋतूचं टेबल असतं, यारेसत्साइटनटिश म्हणतात. छोटंसं टेबल, त्यावर त्या ऋतूच्या रंगाचं कापड आणि मुलांनी फिरायला जाऊन आणलेलं काहीबाही. पानगळीत चेस्टनट, पिवळी पानं. थंडीत पाइनची फांदी. मला ते बघून एकदम आपली चैत्रगौरीची आरासच आठवली.

मग घरी खिडकीखालच्या फळीवर सुरू केलं, दीड फूट लांब असेल. मार्च-एप्रिलमध्ये पिवळी कापडपट्टी, एक वीत उंचीची गुढी, आणि तिच्याशेजारी मुलाने रंगवलेली ईस्टरची अंडी लावलेली फांदी, दोन्ही एकाच फळीवर कारण त्याच्यासाठी ते एकाच ऋतूतलं आहे. दसऱ्याला आपटा नाही, मेपलची पानं एकमेकांना देतो. डिसेंबरात अ‍ॅडव्हेंटची, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांची, चार मेणबत्त्यांची कडी, दर रविवारी एक वाढवत जायची, त्यातली शेवटची लागते तेव्हा मुलगा संक्रांत कधी विचारतो.

स्टोअरेज म्हणाल तर इथे फ्लॅटबरोबर तळघरात एक जाळीचा कप्पा मिळतो, केलर. पहिल्या वर्षी पुण्याहून आणलेला कागदी कंदील तिथे ठेवला, ओल धरली, सप्टेंबरात उघडला तर काळे ठिपके. भारतातून आणलेली वस्तू गेली की नुसती वस्तू जात नाही हो. आता कागद-कापड वरच घरात, केलरमध्ये फक्त पितळ आणि मातीचं.

सांगलीहून

माझं वय एकाहत्तर, नातीने टाइप करून दिलंय. तुम्ही मुली आरास मोडून ठेवायची कुठे विचारता, आमच्याकडे ठेवायच्या वस्तूंचीच आरास व्हायची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत एखादा शुक्रवार-मंगळवार धरून हळदीकुंकू. पायऱ्या करायला आधी ट्रंक, तिच्यापुढे दोन पिठाचे डबे उलटे, त्यापुढे पाट, आणि सगळ्यावर हिची-तिची नऊवारी अंथरायची की झाल्या पायऱ्या. वर सावंतवाडीची लाकडी फळं, कलिंगडाचं कमळ, भिजवलेले हरभरे, पन्ह्याचा घडा, खाली दारात चैत्रांगण. संध्याकाळी बायका गेल्या की डबे परत स्वयंपाकघरात, सकाळी पोळ्या करायच्याच असतात. नवीन एक वस्तू विकत आणलेली नसायची.

लाकडी फळं मात्र चाळीस वर्षं जपली आहेत. ओल्या फडक्याने पुसू नका, लाखेचा रंग मंद होतो, कोरड्या मलमलीने पुसायची. आणि प्रत्येक फळ वेगळ्या कापडात, एकमेकांवर घासलं की टवके जातात. माझं केळं गेलं तसंच.

अंधेरीहून

माझं घर भाड्याचं, दर अकरा महिन्यांनी करार, तीन वर्षांत तीन घरं झाली. म्हणून एक बुटांचं खोकं, एवढंच. त्यात चार पणत्या, एक खणाचा चौकोन, आईने विणलेली क्रोशाची महिरप, हलव्याचा एक हार (पारदर्शक बाटलीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, तीन वर्षं झाली, अजून पांढराशुभ्र आहे). दोन रूममेट बाहेरच्या राज्यातल्या आहेत, दिवाळीला ट्रंकवर खण टाकून तिघींची ताटं मांडली. एकीने ओणमला फुलांचं पूकळम मांडलं होतं, त्याची उरलेली झेंडू वाळवून तिनेच मला दिली, ती पण आता खोक्यात आहे.

धागाकर्ती, कोथरूड

अंधेरीच्या ताई, सिलिका जेलसाठी मनापासून आभार, उद्याच करते. सांगलीच्या आजींना नमस्कार, तुमच्या पायऱ्या वाचून मी माझे चार प्लॅस्टिकचे डबे माळ्यावरून खाली काढले. यंदा चैत्रात तेच उलटे करून वर सासूबाईंची इरकल टाकणार.

त्या डब्यांबद्दल पण लिहिते. चार डबे, चैत्र, श्रावण-गणपती, दिवाळी, संक्रांत. झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली. जो सण संपला त्याचा डबा माळ्यावर सगळ्यात मागे जातो आणि पुढचा आपोआप तोंडाशी येतो. हे मी या संक्रांतीनंतर सुरू केलंय, त्यामुळे वर्षभराने खरं काय ते सांगेन. लायटिंगच्या माळा जाड पुठ्ठ्याला खाचा पाडून गुंडाळल्या आहेत, त्याने मात्र नक्की फरक पडला, गुंता शून्य.

आणि वरळीच्या ताई, एक विचारू का? तुमच्या बाबांच्या मखराची मापं मिळतील? आमच्या इथे एक सुतार आहेत, त्यांच्याकडून करून घ्यायचंय.

वरळीहून

अगदी आनंदाने. मोजून आले आत्ताच. उभ्या चार, तीन फुटी. आडव्या सहा, दोन फुटी. कमानीच्या चार, दीड फुटी, टोकांना तिरका काप. रुंदी सगळ्यांची दीड इंच, जाडी अर्धा इंच. बोल्ट पाव इंची. बाबांनी साधे नट लावले होते, पाना लागायचा, तुम्ही विंग नट लावा म्हणजे मुलांनाही हाताने फिरवता येतील. आणि आकडे टाकायला विसरू नका, आतल्या बाजूला, आमच्या पट्ट्यांवर बाबांचा 7 अजून दिसतो.