पर्जन्यवनाच्या कामासाठी वायनाडला जावे का? सातपुड्यात त्याचा काय उपयोग?

मीनल, फैजपूर :
मी वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. परीक्षा संपल्यावर पावसाळ्याचे काही महिने केरळातील वायनाड जिल्ह्यात, गुरुकुल वनस्पती अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून काम करण्याची माझी इच्छा आहे. १९८१ मध्ये वोल्फगांग थॉयरकाउफ यांनी सुरू केलेल्या या उद्यानात जंगलतोडीत उघड्यावर पडलेले नेचे, आमरी (ऑर्किड) आणि तेरड्याच्या रानजाती जपल्या जातात, आणि आसपासच्या उजाड जमिनीवर पर्जन्यवन पुन्हा उभे राहावे म्हणून काम चालते, एवढे मी वाचले आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की यावलचा उघडा पडत चाललेला सातपुडा दारात असताना इतक्या लांब कशाला जायचे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच विचारते. तिथे प्रत्यक्षात काय काम करावे लागते, आणि त्यातले आपल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात काय लागू पडते?

संदीप, चाळीसगाव :
मी तमिळनाडूत वालपराईजवळ, चहाच्या मळ्यांमध्ये उरलेल्या पर्जन्यवनाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या अशाच कामात रोपवाटिकेत राबलो आहे. खड्डा खणून रोप लावणे हा त्या कामाचा लहानसा भाग असतो. बहुतेक वेळ बी गोळा करणे, पिशव्या भरणे आणि तण काढणे यातच जातो. पर्जन्यवनातील अनेक झाडांचे बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही, कारण ओल गेली की ते मरते. त्यामुळे रस्त्याच्या कडेला पडलेली फळे वेचायची, गर धुऊन काढायचा आणि बी लगेच वाफ्यात टाकायचे, अशी घाई असते. अंकुर आल्यावर रोप पिशवीत जाते आणि सावलीत वाढते. जमिनीवर लावण्याजोगे होईपर्यंत त्याला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात.

तण काढण्याचे काम बाहेरून सोपे दिसते, पण खरी परीक्षा तिथेच होते. घाणेरीच्या आणि मिकानिया वेलीच्या जाळ्याखाली जंगलाची स्वतःहून उगवलेली रोपे दडलेली असतात. कोयता सरसकट चालवला तर तणाबरोबर तीही जातात, म्हणून आधी गुडघ्यावर बसून दोन-दोन पानांची रोपे ओळखायला शिकावे लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही, आणि केवळ तिच्यासाठीसुद्धा तुम्ही जावे असे माझे मत आहे. जळवांची मात्र मनाची तयारी ठेवा.

भास्करराव, यावल :
मीनलताई, अवश्य जा, मात्र एक विनंती आहे. तिथले एकही रोप किंवा बी परत येताना आणू नका. आपल्याकडे पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपतो, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथली झाडे इथे जगणार नाहीत. सलई, धावडा, साग, मोह, तेंदू आणि अंजन हीच इथली माणसे आहेत, असे आम्ही म्हणतो.

रोपवाटिकेची रीतही जशीच्या तशी उचलता येत नाही. अंजनाचे बी कोरडे असते आणि ते साठवता येते. पण त्याचे मूळ पहिल्या काही वर्षांतच खोल जाते, वरचा कोंब मात्र बोटभरच राहतो आणि उन्हाळ्यात तो वाळूनही जातो. असे झाड पिशवीत फार काळ ठेवले तर मूळ तळाशी गोल फिरते. जमिनीत लावल्यावरही ते सरळ खाली जात नाही, आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात झाड मरते. म्हणून अंजनाचे बी पावसाच्या तोंडावर थेट जमिनीत टोकणे मला अधिक पटते. उलट नाल्याकाठच्या जांभळाचे बी वाळले की वाया जाते, तिथे संदीपभाऊंनी सांगितलेली घाई आपल्यालाही करावी लागते. प्रत्येक जातीचा स्वभाव आधी पाहून मग पद्धत ठरवणे, हे तिथून शिकून आलात तर त्याचा इथे मोठा उपयोग होईल.

वैशाली, साक्री :
आमच्या तालुक्यातील बारीपाड्याचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९०च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईवर नियंत्रण पाळून ४०० हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभे केले, आणि २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. जमिनीत जिवंत बुंधे आणि बी शिल्लक असेल, तर राखण केल्यानेच पुष्कळ जंगल परत येते. वायनाडला जाण्याआधी तुम्ही बारीपाडा पाहावा, म्हणजे लागवड कुठे हवी आणि राखण कुठे पुरेशी आहे, हा प्रश्न मनात घेऊनच तुम्ही तिथे पोहोचाल.

मीनल, फैजपूर :
सर्वांचे मनापासून आभार. मी उद्यानाला पत्र लिहून आधी होकार मागते. भास्करकाका, अंजनाचे बी कधी वेचायला मिळेल?

भास्करराव, यावल :
एप्रिल-मेमध्ये शेंगा पडतात, म्हणजे तुम्ही निघण्याच्या आधीच. यावल अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीशिवाय बी उचलू नये, पण बांधावरच्या झाडांखाली शेतमालकाला विचारून वेचता येईल. प्रवासासाठी भुसावळहून मंगला एक्सप्रेस कण्णूरला जाते. तिथून मानंतवाडीच्या घाटरस्त्याने उद्यानाजवळचे पेरिया गाव गाठावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, ते पाहूनच आरक्षण करा.