'अ रेझिन इन द सन': मोठेपणा वॉल्टरलाच का?

मेघना_क: लॉरेन हॅन्सबेरीच्या या नाटकाच्या (१९५९) शेवटी वॉल्टरची आई लीना म्हणते, आज माझा वॉल्टर खरा पुरुष झाला. मी या नाटकावर लिहितेय आणि मला हे पटत नाही. घर घेतलं लीनाने, लोकांच्या घरी राबून संसार ओढला त्याच्या बायकोने, रूथने. मग मान त्याला का?

रंगपट: वॉल्टर गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर आहे. दिवसभर गाडीची दारं उघडायची, 'येस सर' म्हणायचं. शिकागोच्या साउथ साइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या त्या माणसाला घरात तरी मान हवाच ना?

सुलभाताई: रंगपट, मान हवा हे खरं, पण तो कुणाच्या जिवावर? पहिल्या प्रवेशातले ५० सेंट बघा. त्यांचा मुलगा ट्रॅव्हिस शाळेसाठी मागतो, रूथ सांगते, नाहीत. वॉल्टर बायकोकडे रोखून बघत पोराच्या हातावर नाणं ठेवतो, वर आणखी ५० सेंट देतो. आणि थोड्याच वेळात कामावर जायच्या भाड्यासाठी रूथपुढेच हात पसरतो!

पुढे वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येतात. ३,५०० घराला भरून लीना उरलेले ६,५०० त्याच्या हाती सोपवते. त्यातले ३,००० त्याच्या बहिणीच्या, बेनीथाच्या डॉक्टरकीचे, असं बजावूनही तो सगळे दारूच्या दुकानाच्या धंद्यात घालतो आणि भागीदार ते घेऊन पळून जातो. बेनीथा भडकते, तर लीना तिलाच सुनावते. मेघना, तिथे तुझा राग अगदी रास्त आहे.

शेवटाबाबत मात्र मी लीनाच्या बाजूची. नवं घर गोऱ्यांच्या वस्तीत; आमच्या वस्तीत येऊ नका म्हणून तिथला प्रतिनिधी लिंडनर पैसे देऊ करतो. वॉल्टर ते घ्यायला तयार असतो. रूथ ट्रॅव्हिसला खाली पाठवू बघते, पण लीना त्याला थांबवते: पोराच्या देखतच काय ते कर. तिथे वॉल्टर पालटतो. आणि काय सांगतो? बायको लोकांच्या स्वयंपाकघरात राबते, बहीण डॉक्टर होणार, बापाने हे घर कष्टाने कमावलंय. खिशातल्या पैशांची ऐट कुठेच नाही.

मेघना_क: पटतंय. पण पोर पाठीला बांधून २० तास राबेन, पण घर सोडायचं नाही, असं म्हणणाऱ्या रूथचं कौतुक कोण करतं?

सुलभाताई: कुणीच नाही. पोटातलं मूल पाडायला ती पाच डॉलर देऊन आलेली असते. लीना वॉल्टरला म्हणते, बोल काहीतरी. तो न बोलता निघून जातो. तुझं लिखाण त्या प्रवेशापासून सुरू कर.