मदत हवी आहे: रेंजफाइंडरची २१ मिमी लेन्स सोनी ए७ मार्क २ वर, कोपरे फरफटतात

नमस्कार मंडळी,

मामांकडून मला त्यांची व्हॉइग्टलँडर २१ मिमी एफ/४ कलर-स्कोपार मिळाली आहे. जुनी, स्क्रू माउंटवाली (आट्यांवर फिरवून कॅमेऱ्याला बसणारी). ते ती बेसा या रेंजफाइंडर (म्हणजे आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर फिल्मसाठी वापरायचे, मी सोनी ए७ मार्क २ या डिजिटल कॅमेऱ्यावर लावतो.

कसबा, शनिवार, सदाशिव पेठेतले उरलेसुरले वाडे पुनर्विकासात जाण्याआधी त्यांचे नीट फोटो काढून ठेवायचे, हे काम मी हाती घेतलंय. १९६१ च्या पानशेतच्या पुरातून जे वाचले, तेही आता एकेक करून पाडले जाताहेत, त्यामुळे घाई आहे. वाड्याच्या चौकात मागे सरकायला जागाच नसते. ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभं राहिलं तरी ३५ मिमीमध्ये समोरची एक बाजूसुद्धा पुरी बसत नाही. २१ मध्ये वरच्या मजल्याच्या सज्जासकट बसते. आणि लेन्स इतकी लहान आहे की वाड्यातली वयस्कर माणसं बुजत नाहीत, गप्पा मारत राहतात. म्हणून जमलं तर हीच वापरायची आहे.

अडचण अशी. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग ट्रायपॉडवरून एफ/८ ला (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बरंच लहान ठेवून) टिपला. मधल्या सुरूदार खांबांवरचे लाकडाचे रेषे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. कडेच्या खांबावर गेलं की कोरीव पानांच्या कडा बाहेरच्या बाजूला ओढल्यासारख्या फरफटतात, आणि कोपऱ्यांत जांभळट-गुलाबी झाक येते. एफ/११ ला थोडं सुधारतं, पण मोठी प्रिंट काढण्याइतकं नाही.

चारही कोपरे सारखेच खराब आहेत, त्यामुळे आतली भिंगं सरकली असतील असं वाटत नाही. मामांच्या जुन्या निगेटिव्ह भिंगाखाली पाहिल्या, त्यात याच लेन्सने कोपऱ्यापर्यंत कडक चित्र दिलंय. अडॅप्टरचं गणितही बरोबर आहे: स्क्रू माउंट ते लायकाचं एम माउंट १ मिमीची रिंग, मग एम ते सोनीचं ई माउंट ९.८ मिमी (माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर एमचं २७.८, सोनीचं १८). एका दुकानात दाखवलं तर "लेन्स गेली, विकून टाका" म्हणाले. मला ते पटलेलं नाही.

तर दोष नक्की कुठे आहे? रंगाची झाक नंतर काढता येते का? आणि याच लेन्ससाठी बॉडी (म्हणजे कॅमेराच) बदलणं शहाणपणाचं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

लेन्स अजिबात विकू नका, तिला काही झालेलं नाही. दोष सेन्सरच्या पुढच्या काचेचा आहे.

एसएलआरमध्ये मधे आरसा असतो, म्हणून तिथल्या वाइड लेन्सचं मागचं भिंग सेन्सरपासून लांब ठेवावं लागतं. रेंजफाइंडरला आरसा नाही. त्यामुळे लेन्स-रचनाकार लुडविग बर्टेले यांच्या बायोगॉनसारख्या या वाइड लेन्सेस जवळपास सममित बांधल्या गेल्या. मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ, म्हणून आकार लहान आणि सरळ रेषा सरळ. वाड्याच्या तुळया वाकत नाहीत त्या याच कारणाने. पण कोपऱ्यावर किरण फार तिरके येतात. फिल्मला त्याचं काही नसतं, तिच्यापुढे काच नाही. तुमच्या सोनीच्या सेन्सरवर मात्र फिल्टर धरून सुमारे २ मिमी काच आहे. काचेतून जाताना फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो, आणि किरण जितका तिरका तितका जास्त. मध्यभागाचं सरकणं तुम्ही रिंग फिरवून भरून काढता. कोपऱ्यात जे जास्तीचं सरकतं ते तसंच राहतं, शिवाय आडव्या-उभ्या रेषांचा फोकस वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. तीच तुमची फरफट.

लायकाच्या एम९ मध्ये ही काच ०.८ मिमीच ठेवली होती, ती याच लेन्सेससाठी.

जांभळी झाक हा वेगळा प्रकार आहे. तिरका प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. ए७आर मार्क २ (२०१५) पासूनच्या मागून प्रकाश घेणाऱ्या सेन्सरवर ती बरीच कमी होते. पण काच तेवढीच जाड असल्याने फरफट तिथेही राहते. नुसत्या नव्या सोनीवर पैसे घालू नका.

प्रतिसाद २

रंगाची झाक पूर्ण जाते, मी नेहमी काढतो. पाट्या बनवणाऱ्यांकडून दुधी अॅक्रिलिकचा हातभर तुकडा घ्या. फोटो काढून झाला की तोच अॅपर्चर आणि तोच फोकस ठेवून तुकडा लेन्सला चिकटवून धरा आणि एक फ्रेम घ्या. प्रकाश सगळीकडून सारखा यायला हवा, ढगाळ आकाश उत्तम. मग लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररी मेन्यूत फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे. फुकटात हवं असेल तर रॉथेरपीमध्येही आहे. झाक आणि कडेचा अंधार दोन्ही जातात. अॅपर्चर बदललं की नवी फ्रेम घ्यायची, एफ/४ ची एफ/११ ला चालत नाही.

फक्त काळोख्या माजघरात कोपरे उजळले की तिथे दाणे वर येतात. आयएसओ १०० आणि ट्रायपॉड सोडू नका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. अॅक्रिलिक उद्याच आणतो. म्हणजे रंगाचा प्रश्न सुटला, फरफटीवर काही उपाय आहे का? सेन्सरवरची काच पातळ करून घेणारे लोक आहेत असं वाचलं, पण चालू कॅमेरा उघडायला मन धजत नाही.

प्रतिसाद ३

काच बदलू नका. पातळ काच बसवली की नव्या लेन्सेसचे कोपरे बिघडतात, त्या जाड काचेचा हिशेब धरूनच बनवलेल्या असतात.

आधी हे करा: फोकस मध्यावर न घेता मध्य आणि कड यांच्या अधेमधे, मोठं करून बघत घ्या आणि एफ/११ ठेवा. समोर सपाट भिंत असेल तर ट्रायपॉडवर दोन फ्रेम काढा, एक मध्याला आणि एक कडेला फोकस करून, आणि नंतर जोडा. फोकस सरकल्यामुळे जे बिघडतं ते यात बरंच सुधारतं, सगळं नाही. दुसरा उपाय म्हणजे फिल्टरच्या रिंगमध्ये अगदी कमी पॉवरचं, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर भिंग बसवून लेन्सपुढे लावायचं. त्याने कोपऱ्यांचा फोकस जागेवर येतो. पण मग अनंतावर फोकस होण्यासाठी अडॅप्टर किंचित आखूड लागतो. स्वस्तातले बरेच अडॅप्टर तसे असतातच, त्यामुळे लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका.

बॉडीचं म्हणाल तर निकॉन झेड मालिकेची काच सोनीपेक्षा पातळ आहे. लायकाइतके नाही, पण कोपरे डोळ्यांना दिसण्याइतके सुधारतात. माझ्याकडे झेड६ आणि एमचा अडॅप्टर आहे. तुमची लेन्स लावून स्वतःच बघा ना, विकत घ्यायचा निर्णय त्यानंतर.

धागाकर्ता

हे फार उत्तम होईल. येत्या रविवारी सकाळी सातला, रहदारी सुरू व्हायच्या आत, विश्रामबागवाड्यासमोर जमेल का? माझा ट्रायपॉड आणतो. त्याच जागेवरून दोन्ही बॉडीवर एफ/५.६, ८ आणि ११ ला काढू, आणि कोपऱ्यांचे तुकडे इथेच टाकतो. अजून कुणाकडे लायका एम असेल आणि यायची इच्छा असेल तर जरूर या. तिच्यावर ही लेन्स कशी दिसते ते एकदा बघायचंच आहे.

प्रतिसाद ३

सातला पोचतो. १ मिमीची रिंग विसरू नका, माझ्याकडे नाही.