मदत हवी आहे (नर्सिंग): ए-पी परत राहिला, कॉलेज पुढच्या सेमला बसू देत नाही (अर्जंट)

पारिजात२२:
ए-पीचा निकाल लागला, परत राहिला. मॅडमनी बोलावून सांगितलं की वर्गात बसायचं नाही, ज्युनिअर बॅचबरोबर बस. हॉस्टेलची खोलीसुद्धा त्यांच्याच मजल्यावर घे म्हणे. मला एवढंच विचारायचंय की असा नियम आहे का, आणि असेल तर तो कुठे लिहिलाय? सोमवारी प्राचार्यांना भेटायचंय, त्याआधी सांगा. नीटच्या नादात आधीच वर्षं गेलीत. धीर सोडू नकोस वगैरे कृपया नको, ते आत्या रोज फोनवर सांगते.

काठावरचा_पास:
ए-पी म्हणजे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एवढं ओळखलं. बाकी आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं? कोर्स कोणता? जीएनएम डिप्लोमा, बीएस्सी, की जीएनएमनंतरचं पोस्ट बेसिक बीएस्सी? राज्य कोणतं? आत्ता कितवं सेम चालू आहे?

पारिजात२२:
सेम म्हटल्यावर बीएस्सीच ना, जीएनएमला वर्षं असतात. महाराष्ट्र. खासगी कॉलेज, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. तिसरं सेम सुरू झालंय.

गोदाकाठ:
बाळ, उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. आमच्या साडूंच्या मुलीने डीएमएलटी केलं, आता स्वतःची लॅब टाकलीय. ना नाइट ड्युटी, ना नातेवाइकांची आरडाओरड. सकाळी सॅम्पल घेतले की दुपारी मोकळी.

पारिजात२२:
काका, मी डीएमएलटीबद्दल विचारलेलं नाही.

ब्रदर_नांदेडकर:
नियम सांगतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बीएस्सीचं नवीन नियमन आणलं, तेव्हापासून सेमिस्टर पद्धत आहे. त्यात असं आहे की मागचे सगळे विषय पाचव्या सेमच्या परीक्षेला बसण्याआधी सुटलेले हवेत. तोपर्यंत पुढच्या सेमच्या वर्गांना बसता येतं. म्हणजे फक्त ए-पी राहिला म्हणून तिसऱ्या सेमला बसू नको, असं कॉलेजला म्हणता येत नाही. पूर्ण कोर्स संपवायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात. भारताच्या राजपत्रात छापलेलं आहे, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर पीडीएफ आहे. प्रिंट काढ, त्या ओळीवर पिवळा मार्कर मार आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेव.

पण माझं विचारशील तर बीएस्सी सोड आणि जीएनएमला जा. मी तेच केलं. जीएनएम, मग नोकरी, मग पोस्ट बेसिक. हातात पगार असताना शिकण्याची मजा वेगळी.

काठावरचा_पास:
दादा, हिशेब करा की. जीएनएमची ३ आणि पोस्ट बेसिकची २, झाली पाच. तिची बीएस्सीची जेमतेम तीन उरलीत. हा कुठला शॉर्टकट?

ब्रदर_नांदेडकर:
शॉर्टकट कोण म्हणालं? जीएनएमची पोरं वॉर्डात हाताने कामाची असतात. बीएस्सीवाल्यांना नर्सिंग डायग्नोसिस पानभर लिहिता येतं आणि सलाइन लावायला ब्रदरला हाक मारतात.

इनचार्ज_सिस्टर:
झालं सुरू. मी जीएनएमच आहे, जुनी, साडेतीन वर्षांच्या काळातली, आणि सरकारी रुग्णालयात सर्जिकल वॉर्ड सांभाळते. तरी सांगते, लागलेलं बीएस्सी सोडायचं नाही. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सभरतीच्या परीक्षेला, बीएस्सीवाली रजिस्ट्रेशन झालं की लगेच बसते. जीएनएमला वर दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही ५० खाटांच्या रुग्णालयातला. छोट्या नर्सिंग होममध्ये कितीही राबा, धरत नाहीत.

आता पारिजात, तू. पंचवीस वर्षं पोरी बघतेय मी. एका ए-पीसाठी कोणी ज्युनिअर बॅचमध्ये बसवत नाही. दुसऱ्या सेमचं काय झालं? हजेरी किती?

ब्रदर_नांदेडकर:
एम्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिथे ८० टक्के जागा महिलांना. आम्ही २० टक्क्यांत मारामारी करायची. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

काठावरचा_पास:
काढा की तुम्ही.

पारिजात२२:
दुसऱ्या सेमचे बाकीचे विषय सुटले. नर्सिंग फाउंडेशन विषयाचा परीक्षेचा फॉर्म कॉलेजने पाठवलाच नाही. हजेरी कमी होती म्हणून. पण तो वेगळा विषय आहे, मी ए-पीचं विचारतेय.

इनचार्ज_सिस्टर:
वेगळा कसा? तोच विषय आहे बाई!

मैत्रेयी_के:
अगं, फी परत भरायला लावणार आहेत का ज्युनिअर बॅचची? ते आधी विचारून घे. सीईटीच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश झाला होता की मॅनेजमेंट कोट्यातून? २०२४ पासून ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, पण कॅपमधून आलेल्यांनाच. माझ्या नणंदेच्या मुलीचा सगळा घोळ तिथेच झाला, एजंटाने सीट मॅनेजमेंटमधून करून दिली होती.

पारिजात२२:
कॅपमधून. फीचं अजून काही बोलले नाहीत.

फाउंडेशनची थिअरीची हजेरी आहे. क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, भरली नाही. मार्चमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, टाक्यांत पू झाला, घरी दुसरं कोणी नव्हतं. सर्टिफिकेट दिलंय ना कॉलेजला, सिव्हिल सर्जनच्या सहीचं.

रुग्णमित्र_सातारा:
सिव्हिल सर्जनची सही असेल तर प्रश्नच मिटला. कोणतंही कॉलेज ते नाकारू शकत नाही. सोमवारी तेच दाखव आणि विषय संपव.

ब्रदर_नांदेडकर:
मिटत नाही हो साहेब. चुकीचं सांगू नका पोरीला. थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत प्रत्येक विषयाला ८० टक्के हजेरी लागते, आणि गैरहजेरीचं कारण कोणतंही असो, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. सर्टिफिकेटने सहानुभूती मिळते, तास मिळत नाहीत.

रुग्णमित्र_सातारा:
आमच्या वेळी इंजिनिअरिंगला चालायचं.

काठावरचा_पास:
आमच्या वेळी बरंच चालायचं.

इनचार्ज_सिस्टर:
पारिजात, नीट वाच. फाउंडेशन-दोनचं क्लिनिकल ४ क्रेडिटचं, म्हणजे ३२० तास. ८० टक्के म्हणजे २५६. तुझे किती भरलेत? मॅडमना विचारू नकोस, तुझ्या लॉगबुकातून आणि वॉर्डाच्या हजेरीवरून स्वतः मोज. आमच्याकडच्या एका मुलीच्या नाइटच्या तासांची नोंदच नव्हती झाली, तिने स्वतः मोजलं म्हणून सापडलं. आणि स्किल लॅबचे १२० तास वेगळे, ते यात मिसळू नकोस.

पारिजात२२:
मोजले. २५६ ला पंचवीसेक तास कमी पडतात. म्हणजे जेमतेम आठवड्याच्या पोस्टिंगसाठी माझं वर्ष घालवतायत?

ब्रेमेनची_वैशाली:
हा धागा वाचून राहवलं नाही. मी इथे जर्मनीत गेरियाट्रिक वॉर्डला आहे. मुलींनो, पहिल्या वर्षापासून जर्मन सुरू करा! बी-टू लेव्हल झाल्याशिवाय इथे पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळत नाही, तोवर मदतनीस म्हणून राहावं लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सिंगही आहे. मला नर्सिंगने जेवढं रडवलं नाही तेवढं जर्मनच्या लेखी परीक्षेने रडवलं.

गोदाकाठ:
ताई, तिकडे सुरुवातीला पगार किती असतो? आणि शाकाहारी माणसाचं कसं होतं?

ब्रेमेनची_वैशाली:
काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पोळीचं पीठ तुर्की दुकानात मिळतं.

काठावरचा_पास:
पीठ सोडा हो, तिला सोमवारी प्राचार्यांना भेटायचंय.

इनचार्ज_सिस्टर:
पारिजात, तुझं "जेमतेम आठवड्याचं पोस्टिंग" मला पटलेलं नाही, ते आधी सांगते. फाउंडेशनचं क्लिनिकल म्हणजे बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बॅक केअर, नाकातून जठरात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून फीड. ट्यूब जठरातच आहे याची खात्री न करता फीड सोडलं की दूध फुप्फुसात जातं. मी बघितलंय. ते हाताला बसलं नाही आणि तू तिसऱ्या सेमच्या अ‍ॅडल्ट हेल्थला वॉर्डात आलीस तर मीच तुला परत पाठवीन. नियम ब्रदरना माहीत, वॉर्ड मला माहीत.

तरीही वर्ष घालवायची गरज नाही. डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावीच लागते, म्हणजे हे तास तुला कधीतरी भरायचेच आहेत. मग आत्ताच भर. अर्ज लिही की अमुक तास कमी आहेत, दिवाळीच्या सुट्टीत आणि रविवारी कॉम्पेन्सेटरी पोस्टिंग मिळावं, आणि पुढच्या वेळी फाउंडेशनचा फॉर्म भरू द्यावा. सर्टिफिकेट अर्जाला जोड. तास ते माफ करणार नाहीत, पण भरून काढायला नाही म्हणायचं तर त्यांनाही कारण लागतं. आमच्याकडे दर सुट्टीत पोस्टिंग भरायला मुली येतात. वॉर्डाला हात हवेच असतात.

ब्रदर_नांदेडकर:
सिस्टरांशी सहमत, आज पहिल्यांदा. फक्त एक, अर्जात ए-पी आणि फाउंडेशन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिही. ए-पीसाठी वर्गाबाहेर काढता येत नाही, फाउंडेशनसाठी तास भरून देते. दोन्हींची खिचडी झाली की कॉलेजला तेच हवं असतं. तोंडी बोलू नकोस. दोन प्रती, आवक-जावकचा शिक्का.

रुग्णमित्र_सातारा:
ए-पीचं प्रॅक्टिकलही परत द्यावं लागेल ना? एका भागात राहिलं की दोन्ही परत असा नियम आहे, मी आता शोधून वाचला.

ब्रदर_नांदेडकर:
नियम बरोबर, विषय चुकला. ए-पीला प्रॅक्टिकलची परीक्षाच नसते. २५ इंटर्नल आणि ७५ चा पेपर. त्यात अ‍ॅनाटॉमी ३७, फिजिऑलॉजी ३८, दोन सेक्शन.

इनचार्ज_सिस्टर:
पेपरात नक्की कुठे अडतंय? अ‍ॅनाटॉमीत की फिजिऑलॉजीत?

पारिजात२२:
फिजिऑलॉजी. समजतं सगळं. नीटसाठी बायो इतकं केलंय की एमसीक्यू झोपेत सोडवीन. पण दहावीपर्यंत मराठी माध्यम, लांब उत्तर इंग्रजीत लिहायला बसले की दोन ओळींनंतर तेच तेच होतं. वेळ संपतो.

काठावरचा_पास:
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस गं? आम्ही जर्मनीपर्यंत जाऊन आलो.

ब्रदर_नांदेडकर:
मग वाक्यं कमी कर. मीपण जिल्हा परिषदेच्या शाळेतला. हृदयातून रक्त कसं फिरतं हे विचारलं तर निबंध लिहायचा नाही. राइट एट्रियम, बाण, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह, बाण, राइट व्हेंट्रिकल, बाण, पल्मनरी आर्टरी, फुप्फुसं, आणि तसंच डावीकडून परत. शेजारी नावं घातलेली आकृती. खाली साध्या चार ओळी, छोटी छोटी वाक्यं, सगळी वर्तमानकाळात. तपासणाऱ्याला गठ्ठा संपवायचा असतो, त्याला बाण दिसले की बरं वाटतं. नीटवाल्यांची हीच गोची असते, उत्तर येतं पण मांडता येत नाही.

इनचार्ज_सिस्टर:
आणि मी वॉर्डातली युक्ती सांगते. पोस्टिंगला युरोबॅग (लघवीची पिशवी) असलेला पेशंट दिसला की दर तासाला किती मिली जमलं ते चार्टवर लिहितेस ना? ते लिहिताना मनात मूत्रपिंडातला नेफ्रॉन काढायचा. ग्लोमेरुलस, प्रॉक्सिमल ट्यूब्यूल, हेनलेचा लूप, डिस्टल, कलेक्टिंग डक्ट. ऑपरेशननंतर बीपी पडलेल्या पेशंटची लघवी का कमी होते, ते तिथेच ब्रदरला नाहीतर सिस्टरला तोंडी सांगायचं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. हसतील, हसू दे. भरून काढायचे पंचवीस तास यासाठी वापर, म्हणजे एका दगडात ए-पीपण सुटेल. गाइडच्या प्रश्नोत्तरांचं पाठांतर बंद कर, त्यानेच तेच तेच होतं.

ब्रेमेनची_वैशाली:
हे मात्र खरंय. इथेही मी ड्युटी संपताना पुढच्या नर्सला हँडओव्हर देतानाच भाषा शिकले.

पारिजात२२:
प्राचार्यांना भेटून आले. राजपत्राचं पान दाखवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की असं कोणी म्हटलंच नव्हतं, फाउंडेशनसाठी म्हटलं होतं. तिसऱ्या सेमला बसू देतायत. सुट्टीतल्या पोस्टिंगचं लेखी अजून दिलं नाही, क्लिनिकल कोऑर्डिनेटरशी बोलून सांगतो म्हणाले. खोलीचं वॉर्डनवर सोडलंय. ए-पीचा फॉर्म भरला.

ब्रदर_नांदेडकर:
"असं कोणी म्हटलंच नव्हतं", हे मला पाठ आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतलास का?

पारिजात२२:
हो. तारखेसकट.

इनचार्ज_सिस्टर:
आठवड्यात लेखी आलं नाही तर स्मरणपत्र दे, त्यावरपण शिक्का घे. आणि आईच्या टाक्यांचं काय? पू थांबला का?

पारिजात२२:
थांबला. ड्रेसिंग मीच करत होते. कॉलेजने ते तास धरले असते तर ही वेळच आली नसती.

मैत्रेयी_के:
फीचं विचारलंस?

पारिजात२२:
विसरले. उद्या अकाउंट सेक्शनला जाते.

गोदाकाठ:
पूर्ण धागा वाचला नाही, क्षमस्व. माझ्या नातीला नीटमध्ये २१० पडलेत. बीएस्सी नर्सिंगला कुठे लागेल का?

काठावरचा_पास:
काका, महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगला आता वेगळी सीईटी आहे, २०२३ पासून. ती दिली होती का तिने? बारावीला पीसीबी आणि इंग्रजीत किती? प्रवर्ग कोणता? आणि कृपा करून वेगळा धागा काढा.