ऑसबोर्नचे फोटो आणि व्हिक्टोरिया राणी : घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई (लंडन): ऑसबोर्न हाउसचे, म्हणजे राणीच्या इंग्लंडमधल्या खासगी वाड्याचे फोटो टाकलेत. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला इथेच वारली. पांढऱ्या नक्षीचा तो दरबार हॉल. लाहोरच्या भाई राम सिंगांनी आखलेला. राणी स्वतः मात्र भारतात एकदाही आली नाही.

आत्या: काय काम आहे गं! मला तिची कणव येते. लहानपणी आईच्याच खोलीत झोपायचं, कुणाचा हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. १८३७ मध्ये, १८ व्या वर्षी राणी झाली आणि लगेच आपलं अंथरूण वेगळं केलं. पुढे ९ मुलं. १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट गेला. त्यानंतर ४० वर्षं काळे कपडे. त्याच्या खोलीत रोज संध्याकाळी त्याचे कपडे काढून ठेवायचे, गरम पाणी आणि स्वच्छ टॉवेल ठेवायचा. वाचतानाही गलबलतं.

मोठे काका: दुःख खरंच होतं. पण तिच्या नावाने काय चाललं तेही बघा. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, तेव्हा आपल्याकडे दुष्काळाने माणसं मरत होती. पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, खादी घालून त्या दरबारात गेले आणि ब्रिटिश प्रजेइतकेच हक्क द्या म्हणाले. केवढं धैर्य!

दादा: पण काका, पदवीचा कायदा पंतप्रधान डिझरायलीचा, दरबार व्हाइसरॉय लिटनने भरवलेला. राणीच्या हातात किती होतं?

मोठे काका: पदवी तिलाच हवी होती रे.

वहिनी: दादांचं थोडं बरोबर आहे. कंपनीचं राज्य राणीकडे आलं तेव्हाच्या, १८५८ च्या जाहीरनाम्याचा मसुदा तिला पटला नाही. औदार्य आणि धर्मसहिष्णुता दिसू दे, असं तिने पंतप्रधान लॉर्ड डर्बींना लिहिलं. वंश-धर्म न बघता नोकऱ्या देऊ, हे वचन त्यातलंच. दादाभाई नौरोजी त्यावरच बोट ठेवत राहिले. सरकारने मात्र आयसीएसची, म्हणजे वरच्या सरकारी नोकऱ्यांची परीक्षा लंडनलाच ठेवली आणि वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली.

आत्या: आणि तिचा भारतीय नोकर मुन्शी अब्दुल करीम? त्याच्याकडून उतारवयात उर्दू गिरवायला घेतलं तिने. घरच्यांना तो डोळ्यांसमोर नको होता. ती गेल्यावर मुलाने त्याच्याकडची पत्रं जाळायला लावली.

मोठे काका: माया होती, मान्य. राज्य त्याने बदललं नाही. २२ जून १८९७, हीरकमहोत्सव. तिला पायऱ्या चढवेनात, म्हणून सेंट पॉलसमोर ती बग्गीतच बसून राहिली आणि प्रार्थना बाहेर झाली. त्याच रात्री पुण्यात, गणेशखिंडीतला तोच सोहळा आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडला चापेकरांनी गोळी घातली. प्लेगच्या झडत्यांनी पुणं पेटलं होतं.

ताई (लंडन): काका, आता शेवटचा फोटो उघडा. हे बक्षीराम, आग्र्याचे कुंभार. १८८६ च्या प्रदर्शनासाठी लंडनला आणलेले. त्यांच्यातले बरेच कारागीर आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले. राणीने स्वोबोदा या चित्रकाराकडून मुद्दाम ही चित्रं काढून घेतली.

वहिनी: कैदी होते? बाकीच्यांचीही नावं टाक ना. आईंना वाचून दाखवते.