मदत हवी आहे: मित्र बेशुद्ध, पण पोलिसांच्या भीतीने कुणी फोन करत नाही

दारू जास्त होऊन कुणी बेशुद्ध पडलं तर काय करायचं, यावर १५ ते २० वयाच्या मुलांसाठी एका पानाचं पत्रक करतोय. वैद्यकीय भाग पक्का आहे: मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, हलवूनही जाग नाही. यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका. तोवर कुशीवर वळवून ठेवायचं, एकटं सोडायचं नाही. "झोपू दे, उतरेल" हा सर्वांत घातक सल्ला, कारण पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते. मुद्दाम उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सोबत झोपेच्या गोळ्या किंवा अफूपासूनचे पदार्थ असतील तर श्वास आणखी मंदावतो. म्हणून काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायलाच हवं.

अडतंय ते इथेच. मदत बोलावणाऱ्याला थोडे अमली पदार्थ जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यापासून काही देशांत कायदा वाचवतो, सगळीकडे नाही. विक्री केली असेल तर सहसा नाहीच. वकील किंवा अपघात विभागात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: खोटा दिलासा न देता हे दोन वाक्यांत कसं लिहावं? आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या, असं सांगावं का? डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, पण ते हातात घेऊन जायला मुलं घाबरणारच.