सीझन जबरदस्त गेला म्हणे. कोणाचा?

पाथर्डी फाटा प्रायव्हेटर
काल एका भाऊने पोस्ट टाकली की यंदाचं वर्ष म्हणजे भारतातल्या बाईक रेसिंगचं सोन्याचं वर्ष, स्टेडियमात सुपरक्रॉस म्हणजे मातीच्या उड्यांच्या ट्रॅकवरची रेस, वाळवंटातल्या डाकार रॅलीला आपली पोरं, पुढच्या सीझनला घराघरातून रायडर निघणार आणि नाशिक तर डर्टची, म्हणजे मातीवरच्या रेसिंगची, राजधानी आहेच. खाली सगळ्यांचे बदाम. डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांब होईल, सहन करा.

कुठल्या घरातून निघणार? कावासाकीची डर्ट बाईक केएक्स २५० आठ लाखाच्या आसपास जाते, रस्त्यावर चालवता येत नाही म्हणजे न्यायला पिकअप आला, वर टायर, पिस्टन किट, चेन-स्प्रॉकेट, दरवर्षीचं रेसिंग लायसन्स, मेडिकल, एंट्री फी. फॅक्टरी टीमची, म्हणजे बाईक कंपनीच्या टीमची, गाडी, मेकॅनिक आणि टेंट ज्यांना मिळतो ते बोटावर मोजण्याइतके. बाकीचे आम्ही प्रायव्हेटर, म्हणजे स्वतःच्या खिशातून रेस करणारे, अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री गाडी पिकअपला बांधणार, सकाळी स्क्रूटिनीला म्हणजे गाडीच्या तपासणीला लाईनीत उभे, आणि रेसमध्ये लिव्हर तुटला तर शेजारच्या टेंटमध्ये हात पसरणार. डांबरी ट्रॅकवरच्या रेसिंगचं तर नावच नको. नॅशनल चॅम्पियनशिपच्या राउंड चेन्नईला नाहीतर कोइम्बतूरला, जाऊन येईपर्यंत अर्धा पगार टोलमध्ये. हरिथ नोआने २०२४ च्या डाकारला रॅली २ क्लास, टॉप रायडरच्या खालचा, जिंकला, छाती फुगली, शंभर टक्के. पण तो पोरगा केरळचा, मागे फॅक्टरी टीम. आमच्या नोव्हिसला, नवख्या रायडरला, त्यातून काय मिळालं?

बालेवाडी रिटर्न्ड
आलं रडगाणं. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडी स्टेडियमला सुपरक्रॉस लीगची पहिली रेस झाली तेव्हा मी पोराला घेऊन गेलो होतो, लोक बायकामुलं घेऊन तिकीट काढून आलेले. त्याच्या आधी सुपरक्रॉसला पब्लिक म्हणजे रायडरचे चुलतभाऊ आणि चहावाला. पैसा वरून खाली येतो भाऊ, क्रिकेटमध्येपण तसाच आला. आणि महागड्या केएक्सचं रडू नको, हिरोच्या स्वस्तातल्या एक्सपल्सवर रॅली करणारी पोरं आहेत की.

पाथर्डी फाटा प्रायव्हेटर
लीगच्या ४५० सीसी क्लासमध्ये सगळे परदेशी रायडर, हे पण सांग की पोराला. वरून निघालेला पैसा खाली येईपर्यंत माझे गुडघे जातील. आणि मोटोजीपी, ती डांबरी ट्रॅकवरची वर्ल्ड चॅम्पियनशिप? २०२३ ला ग्रेटर नोएडाला एकदा आली, २०२४ ला येते येते म्हणत राहिली.

गंगापूर रोडचे काका
तुमचं ते रेसिंग आम्हाला रोज रात्री साडेअकराला फुकट बघायला मिळतं. बुलेटचा फटाका सायलेन्सर, मागे तिघं बसलेले. आमच्या सौंची बायपास झालीये, दचकून उठते. आधी हे बंद करा मग ट्रॅक मागा.

सातपूर गॅरेज
काका नमस्कार, पण त्याचा आमच्याशी काय संबंध? ज्याला खरंच रेस करायचीय त्याच्याकडे फटाके वाजवायला पेट्रोल उरत नाही. ती रील बनवणारी जमात वेगळी.

गंगापूर रोडचे काका
संबंध आहे. तो सायलेन्सर बसवून देतं कोण? गॅरेजवालेच ना?

सातपूर गॅरेज
मी बसवत नाही. आलेल्याला हाकलतो. तो पुढच्या गल्लीत जाऊन बसवतो आणि गिऱ्हाईक माझं जातं ते जातंच.

त्रिमूर्ती चौक
हाकलतो म्हणे 😂 दादा, तुमच्या शटरसमोर मी स्वतः ऐकलाय तो आवाज.

सातपूर गॅरेज
काढायला आलेली गाडी होती ती, पोलिसांनी दंड केल्यावर कंपनीचा परत बसवायला. नीट माहिती नसेल तर तोंड उघडायचं नाही. पोलीस रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडतात, फोटो येतो, आठ दिवसांनी ऑनलाइन मागवलेला नवीन हजर. विकणाऱ्याला कोणी विचारत नाही, गॅरेजवाला मात्र चोर.

त्रिमूर्ती चौक
मिरची लागली वाटतं.

रॅली मार्शल, नाशिकरोड
ओ, मूळ विषयावर या. राजधानी वगैरे म्हणणाऱ्यांपैकी किती जण मार्शलिंगला, म्हणजे रेसचा रस्ता सांभाळायला, येतात? इथे नॅशनल रॅलीच्या राउंड झाल्यात, मी स्टेजवर, म्हणजे रेससाठी बंद केलेल्या रस्त्याच्या टप्प्यावर, उभी राहिलेय. पहाटे अंधारात जाऊन टेप बांधायची, गावाला सांगत फिरायचं. एकदा एक मावशी शेळ्या घेऊन स्टेजमध्ये शिरल्या, लाल झेंडा दाखवून स्टेज थांबवली, तर मावशी म्हणे माझ्या रोजच्या वाटेवर तुम्ही कोण मला अडवणार. बरोबरच होतं त्यांचं. मागे थांबलेल्या रायडरने मात्र हेल्मेट काढून मलाच शिव्या घातल्या, आणि रायडरची वेळ लिहायचं टाइम कार्ड घामाने एवढं भिजलेलं की आकडा टाकताना पेन कागदातून आरपार. मानधन काय, टोपी आणि वडापाव. फॅक्टरी असो का प्रायव्हेट, ताई पाणी आहे का असं विचारणारेसुद्धा थोडेच.

पाथर्डी फाटा प्रायव्हेटर
बरं ताई, मार्शलचा मुद्दा सोळा आणे मान्य. शिव्या घालणारा मी नव्हतो एवढं नक्की.

एक आई, इंदिरानगर
माझा मुलगा चौदाचा, त्याला रेसिंग करायचंय. तुम्ही पैशाचं बोलताय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईला नॅशनलच्याच राउंडला तेरा वर्षांचा मुलगा अपघातात दगावला. त्यावर कोणी लिहीत नाही.

बालेवाडी रिटर्न्ड
ताई, रस्त्यावर रोज जातात त्यांचं काय? ट्रॅकवर निदान अॅम्ब्युलन्स असते.

एक आई, इंदिरानगर
हे उत्तर तुमच्या पोराला लीगला नेताना स्वतःला देऊन बघा.

सातपूर गॅरेज
ताईंचं बरोबर आहे. चौदाच्या पोराला आधी लहान सीसीची गाडी, नेक ब्रेस, चेस्ट गार्ड आणि शिकवणारा माणूस पाहिजे, आणि यातलं एकही नाशकात सरळ मिळत नाही. आम्ही मखमलाबादच्या पुढे एका पडीक प्लॉटवर जेसीबी लावून टेबलटॉप म्हणजे सपाट माथ्याचा उडीचा ढिगारा केला होता, वळणावर मातीचा एक बर्मपण छान बसला होता. जागा विकली गेली, आता तिथे रो हाऊस. प्रॅक्टिसच नाही तर पोरं पडणारच.

दिंडोरी बागायतदार
जागा जागा करताय, आमचंपण ऐका. जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षबागेशेजारच्या कच्च्या रस्त्यावरून तुमच्या गाड्या पळाल्या की धूळ घडावर बसते. धुवायला जावं तर मण्यावरचा पांढरा थर जातो, तसाच ठेवावा तर पॅकहाऊसला पेटी बाजूला पडते. वर्षभराचा खर्च त्या घडात असतो. मागे प्रॅक्टिसला आलेल्यांना मी काठी घेऊन हाकललंय, सांगायला लाज नाही.

त्रिमूर्ती चौक
ते तुम्हीच का 😂

गंगापूर रोडचे काका
बघा, शेतकरीपण वैतागलाय. आणि सायलेन्सरवर अजून कोणी उत्तर दिलं नाही.

रॅली मार्शल, नाशिकरोड
काका, सायलेन्सरसाठी ११२ लावा. पुढच्या सीझनचं सांगते, कुंभाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ ला. अर्धं शहर आत्ताच खोदलंय, पोलीस बंदोबस्तात. नाशकात राउंड मागायला गेलात तर परवानगीच्या टेबलावर चहापण विचारणार नाहीत. राजधानीवाल्या भाऊंनी हे पण लिहायला हवं होतं.

बालेवाडी रिटर्न्ड
मग करायचं काय, घरी बसायचं?

पाथर्डी फाटा प्रायव्हेटर
राउंड नको, प्रॅक्टिसपुरती जागा द्या म्हणतोय पहिल्यापासून.

दिंडोरी बागायतदार
माल निघाला की एप्रिलनंतर माझं दोन एकर मुरमाड पडीक आहे, बागेपासून लांब. पावसाच्या आधी उरकायचं. रोज पाणी मारायचं, टँकर तुमचा. आणि तो फटाका सायलेन्सर दिसला तर काठी अजून घरातच आहे.

सातपूर गॅरेज
दादा नंबर पाठवा. टँकरचं काय चाललंय तिकडे?

दिंडोरी बागायतदार
उन्हाळ्यात भाव विचारू नका.

बालेवाडी रिटर्न्ड
वर्गणी काढू.

पाथर्डी फाटा प्रायव्हेटर
तू काढ ना, तुझा पैसा वरून येतो.